बत्तीस पावलांची जागा

तीन आठवडे किनाऱ्यावर कुणाच्याच गळाला धड मासा लागला नव्हता, आणि हात रिकामे असले की माणसाला दुसऱ्याच्या चुका फार स्वच्छ दिसतात. जागांची यादी सांभाळणाऱ्या मुकादमाच्या मेहुण्याला तर त्या दिसायच्याच होत्या. त्याला स्वतःची जागा नव्हती, चार वर्षं त्या यादीत ताटकळून तो आता पहिला आला होता, आणि किनाऱ्यावरच्या चौदा जागांपैकी ज्या एका जागेवर त्याचा डोळा होता, ती दुर्बीण नावाच्या म्हाताऱ्याची होती.

दुर्बीण हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तरुणपणी फेसाची रेघ कुठं वळते हे तो पार होड्यांच्या शेडपासून सांगायचा, म्हणून ते चिकटलं. त्याच्या सुनेलाही किनाऱ्यानं नाव ठेवलं होतं, टोपली. सासऱ्याच्या मागं टोपली धरून उभी असते, म्हणून टोपली. एवढी साधी अक्कल त्यात होती. पहिली दोनतीन वर्षं तिला राग यायचा, मग तिनं तो सोडून दिला, कारण रागवायला वेळ लागतो आणि टोपली जड असायची.

ही माणसं होडीनं जाणारी नव्हेत. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, लांब काठीनं गळ फेकायचा आणि काठाला आलेला मासा काठावरूनच धरायचा, हा त्यांचा धंदा. प्रत्येकाच्या जागेला दोन खुंटे, मध्ये बत्तीस पावलं. ज्याला पाणी वाचता येत नाही त्याला बत्तीस पावलं काय आणि बत्तीस मैल काय, सारखंच. म्हणून इथं जुना नियम होता. जागा असलेला कुणीही दुसऱ्या जागेवाल्याला म्हणू शकत होता, ‘पाणी सांग.’ मग त्यानं सगळ्यांदेखत बोट दाखवून सांगायचं, मासा इथं उभा आहे, आणि का उभा आहे. सांगायचं आणि तिथंच गळ टाकायचा. तीन खेपा. एक खेप म्हणजे चाळीस लाटा. तिन्ही खेपा फुकट गेल्या की जागा यादीतल्या पहिल्या माणसाची. नाही सांगत म्हटलं तरी जागा गेली.

तर मुकादम आला तो सकाळच्या चहाच्या वेळी. सून ओट्यापाशी बसून गळाची टोकं कानशीनं घासत होती. म्हातारा खाटेवर बसून चहा बशीत ओतत होता. अर्धा बशीत पडला, अर्धा मांडीवर. पोळलं असणार, पण तो हूं की चूं करेल तर शपथ.

“काका,” मुकादम उंबऱ्यातूनच म्हणाला, “परवा सकाळी भरतीच्या वेळी तुमचं पाणी सांगायचं. मी मागतोय.”

म्हातारा त्याच्या आवाजाकडे वळला. “पंचवीस वर्षांत माझ्याकडे कुणी मागितलं नाही.”

“पंचवीस वर्षांत मासा असा गेलाही नव्हता.”

“मासा सगळ्यांचाच गेलाय. तुझाही गेलाय. मग माझंच पाणी का?”

“तक्रार आलीये.”

“तुझ्या मेहुण्याची?” सुनेनं विचारलं. कानस थांबली नव्हती.

मुकादमानं तिच्याकडे न बघता उत्तर दिलं. “तक्रार कुणाची का असेना. आणि काका, एक सांगून ठेवतो. परवा टोपली खुंट्याच्या आत नको. ना ही, ना ती.” ही म्हणताना त्यानं बाईकडे हनुवटी उडवली, ती म्हणताना कोपऱ्यातल्या टोपलीकडे. मग गेला.

आता मात्र सुनेची कानस थांबली, कारण मुकादमाला काय कळलंय ते तिला त्या एका वाक्यात समजलं.

ते असं होतं. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. डोळे वरून धड दिसायचे, पण उजेड कुठला आणि सावली कुठली एवढंच कळायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं नसच वाळलीये म्हणून सांगितलं होतं, आता काही व्हायचं नाही. हे घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षं सासरा पुढं काठी घेऊन उभा राहायचा आणि सून मागं. पाणी ती बघायची. टोपलीच्या बुडावर बोटानं एक टिचकी म्हणजे डावीकडं सरक, दोन म्हणजे उजवीकडं, हाताची थाप म्हणजे जवळ टाक, थाप नाही म्हणजे लांब. बघणाऱ्याला वाटायचं, बाईला चाळा आहे. किनाऱ्यावरचे एकदोघे म्हणायचेही, “टोपली वाजवते, मासे नाचतात वाटतं!” आणि ती हसायची.

लग्न होऊन आली तेव्हा तिनं समुद्र बघितलासुद्धा नव्हता. तिचं माहेर डोंगराच्या पलीकडं, तिथं पाणी विहिरीत असतं आणि विहिरीत गप्प राहतं. सासऱ्यानं तिला मुद्दाम काही शिकवलं नाही. घरी परतताना नुसता विचारायचा, “आज काय बघितलंस?” ती म्हणायची, लाटा. तो म्हणायचा, “लाटा तर म्हशीलाही दिसतात.” मग दुसऱ्या दिवशी ती जरा जास्त बघायची. लाट कुठं फुटते, कुठं न फुटताच पुढं येते. फुटते तिथं खाली वाळूचा दांडा, उथळ. फुटत नाही, पाणी काळपट दिसतं, तिथं चर. काठाला आलेला फेस कुठं गुमान परत फिरतो आणि कुठं दोरीसारखा आत ओढला जातो. जिथं ओढला जातो तिथून काठावरचं खाणं समुद्रात जातं, आणि मासा त्या ओढीच्या कडेला तोंड उघडून उभा असतो, पंक्तीत वाढायची वाट बघणाऱ्या माणसासारखा. हे सगळं ती घरी येताना सांगायची आणि तो म्हणायचा, “आणखी?”

सात-आठ वर्षं असं चाललं. मग एकदा तिच्या लक्षात आलं, की तो आता जाताना विचारतो, येताना नाही. आधी परीक्षा घ्यायचा, आता खरंच विचारत होता. तिनं त्याला काही बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी टोपलीवर पहिली टिचकी वाजवली आणि तो न बोलता एक पाऊल डावीकडं सरकला. बस्स, तेवढंच काय ते ठरवणं झालं दोघांचं.

“मामंजी,” मुकादम गेल्यावर ती म्हणाली, “त्यानं टिचक्या ओळखल्यात.”

“ओळखू देत.”

“मग मीच सांगते ना पाणी. जागा घराची आहे. तुमच्याऐवजी मी उभी राहते.”

म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. ती खाटेच्या कडेवर टेकली आणि पडली. “आंधळा झालो म्हणून सांगू चारचौघांत? आणि मग? दुर्बिणीला सून हात धरून नेतेय म्हणून तो मेहुणा आणि त्याचे टगे खिदळतील, ते ऐकत बसू? दुर्बीण म्हणतात मला. जीव गेला तरी हे बाहेर जायचं नाही. माझी शपथ आहे तुला.”

शपथ घातल्यावर काय बोलणार? तिनं फुटक्या बशीचे तुकडे उचलले. राग तिला आला होता, आणि कीवही आली होती, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणूस केर काढायला लागतो, तशी ती केर काढायला लागली.

त्यांनी मग दुसरा मार्ग काढला. आदल्या दिवशी दुपारी ओहोटीला दोघं जागेवर गेली. किनारा रिकामा होता. उन्हानं वाळू पायाला चटके देत होती. तिनं पाणी नीट वाचलं आणि त्याला पाठ करायला लावलं.

“उजव्या खुंट्यापासून सहा पावलं आत या. तोंड सरळ समोर. दांडा तिथं तुटलाय. लांब टाकायचं, तुमच्या पूर्ण ताकदीनं. दांड्याच्या पलीकडच्या चरात पडलं पाहिजे.”

“फेस?”

“फेस बाहेर जातोय तिथनं. मातकट पट्टा आहे, दोन हात रुंद.”

“उजव्या खुंट्यापासून सहा. दांडा तुटलाय. मातकट पट्टा. लांब.” त्यानं चारदा म्हटलं. खुंटा चाचपून सहा पावलं चालून बघितली, परत आला, परत चालला. शाळेत कविता पाठ करणाऱ्या मुलासारखा ओठ हलवत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पदरानं पुसलं आणि म्हटलं, “या वेळी सहात सात पावलांचं अंतर पडलं. पाऊल आखडतं घ्या.”

संध्याकाळी नवरा बर्फाच्या कारखान्यातून आला. हात लाल, बोटं सुजलेली. लहानपणी बापाबरोबर काठी धरून बघितली होती, पण पाण्यापुढं तासन्‌तास उभं राहणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. जेवताना तो म्हणाला, “मी साहेबाशी बोललोय. पॅकिंगला बायका घेतायत. उद्याचं काय व्हायचं ते होऊ दे. जागा गेली तर गेली, तू सोमवारपासून ये.”

“मला नाही यायचं.”

“अगं, छपराखाली काम आहे. बसायला स्टूल आहे.”

“तुम्हाला एक सांगू?” ती ताटावरून उठली नाही, पण जेवणं थांबलं होतं तिचं. “या घरात आल्यापासून मी स्वयंपाक केला, धुणी धुतली, सगळं केलं. ते कुणीही केलं असतं. पाणी वाचणं तेवढं माझं एकटीचं आहे. ते मी कुणाच्या मेहुण्याला देणार नाही. स्टूल तुमच्या साहेबाला द्या.”

नवरा बापाकडं बघायला लागला. बाप खाली मान घालून भात चिवडत होता. शेवटी नवराच म्हणाला, “बरं बाई. उद्या अर्धा दिवस रजा टाकतो. टोपली मी धरतो.”

“टोपलीच तर नको म्हणालेत,” म्हातारा म्हणाला, आणि त्या घरात दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

पण पहाटे वारा फिरला. तिला जाग आली ती आवाजानं. समुद्राचा आवाज रोजचा नव्हता, जड होता, कुणीतरी वरच्या मजल्यावर कपाटं सरकवावीत तसा. लांब कुठंतरी वादळ होऊन गेलं होतं आणि त्याच्या लाटा आता इथं पोचल्या होत्या. अशा लाटा आल्या की वाळू एका जागी राहत नाही. ती सासऱ्याला उठवायला गेली तेव्हा तोही खाटेवर बसूनच होता, कान देऊन.

“ऐकलंत?”

“ऐकलं. सहा पावलं, दांडा तुटलाय, मातकट पट्टा,” तो म्हणाला. “बाकी काही सांगू नकोस. डोक्यात गोंधळ होतो.”

ही त्याची चूक. आणि खरं सांगायचं तर त्या किनाऱ्यावर ती एकट्याची नव्हती, सगळ्यांचीच होती. कालचं पाणी आज वाचायचं. गेल्या तीन आठवड्यांत समुद्रानं वाळू कितीदा हलवली असेल, आणि हे सगळे आपापल्या जुन्या खुणांवर, वाकड्या खांबासमोर, काळ्या दगडासमोर, इमानानं गळ टाकत होते. म्हाताराही हल्ली टिचकी झाली तरी आपल्या जुन्या खुणेचाच हट्ट धरायचा. मासा लागला नाही की सगळे म्हणायचे, मासा गेला.

उजाडलं तेव्हा सगळा किनारा जमला होता. जागावाले तेरा, त्यांची माणसं, मुकादमाचा मेहुणा नवीकोरी काठी घेऊन, आणि गळाला लावायचं आमिष विकणारी जाडी म्हातारी, जिला सगळे मावशी म्हणायचे. बायका खुंट्यांच्या मागं, होड्यांच्या शेडपाशी. सुनेच्या हातातली टोपली मुकादमानं स्वतः काढून घेतली आणि आपल्या पायाशी ठेवली. “इथं राहू दे. जपून ठेवतो,” म्हणाला, आणि चारदोघे हसले.

तिनं समुद्राकडे पाहिलं.

उजव्या खुंट्यासमोरचा चर बुजला होता. काल जिथं दांडा तुटला होता तिथं आज लाट एका सरळ रेघेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी फुटत होती. आणि डाव्या खुंट्याशी, अगदी खुंट्याला खेटून, काठाला खाच पडली होती, वाळूचा लचका कुणी तोडावा तशी. तिथं लाट फुटतच नव्हती. फेस काठापर्यंत यायचा, घुटमळायचा आणि मग बाहेर ओढला जायचा. चर आता लांब नव्हताच. काठापासून जेमतेम वीस हातांवर होता. लहान मुलं पाय भिजवतात तिथं.

म्हातारा खुंटा धरून सहा पावलं चालला. आखडती, मोजून. काठी उचलली, बोट सरळ समोर केलं आणि मोठ्यानं म्हणाला, “इथं दांडा तुटलाय. मातकट पट्टा बाहेर जातोय. मासा पलीकडच्या चरात आहे.”

मग मेहुण्यानं फिस्सकन हसू सोडलं. तुटलेला दांडा कुठं होता? पांढरी भिंत होती समोर.

“टाका काका,” मुकादम म्हणाला.

म्हाताऱ्यानं टाकला. फेक अजून झकास होती, दोरी शीळ घालत गेली. गळ पांढऱ्या फेसात पडला आणि लाटेनं उचलून काठाकडे आणला. मुकादम लाटा मोजायला लागला, भराभरा. “अडतीस, एकोणचाळीस...”

“सदतीस!” मावशी मागून ओरडली. “दोन लाटा काय घरी नेतोस का?”

मोजूनही उपयोग नव्हता. पहिली खेप गेली. दुसरीही त्याच जागी गेली. गळाला समुद्री गवताचा गुंता आला, म्हाताऱ्यानं तो बोटांनी चाचपला, आणि चाचपताना त्याचा चेहरा बदलला. चरातून गवत येत नाही. त्याला कळलं, की काहीतरी फसलंय. त्यानं मान किंचित मागं वळवली, टोपलीच्या आवाजासाठी. टोपली मुकादमाच्या पायाशी होती.

“तिसरी,” मुकादम म्हणाला.

सुनेला वाटलं होतं, अशा वेळी आपण खूप विचार करू. तसं काही झालं नाही. शपथ आठवली, आणि त्या वळलेल्या मानेकडं पाहून ती शपथ तिला सहन होईना. खुंट्याची रेघ ओलांडून ती ओल्या वाळूत उतरली. मागून नवऱ्यानं हाक मारली की काय, तिला ऐकू आलं नाही.

“बाई, मागं हो!” मुकादम ओरडला.

“नाही होत.”

“मागं हो म्हणतोय! नियम आहे!”

“पाणी सांगताना बाईनं ओल्या वाळूत यायचं नाही असा नियम कुठं आहे? कुणी केलाय? कधी?”

मुकादम गडबडला. “असं कधी झालेलं नाही.”

“मग आज होतंय.” ती म्हाताऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. आवाज खाली आणून म्हणाली, “मामंजी, पाणी सरकलंय. चर डाव्या खुंट्याला आहे. जवळ.”

“ऐकलं सगळ्यांनी?” मुकादमाचा आवाज चढला. “दुसऱ्यानं सांगितलेलं पाणी चालत नाही! जो सांगेल त्यानंच टाकायचं. खेप बाद! जागा...”

“थांब रे,” म्हातारा म्हणाला.

तो मोठ्यानं बोलला नव्हता, पण मुकादम थांबला. म्हाताऱ्यानं काठीवरची वाळू तळहातानं पुसली. किती वेळ पुसत होता! मग त्यानं ती काठी बाजूला धरली, सुनेच्या पोटाला लागेल इतकी जवळ, आणि ती पकडेपर्यंत सोडली नाही.

“जो सांगेल त्यानं टाकायचं, बरोबर आहे,” तो म्हणाला. “जागा घराची आहे. माझ्या घरात पाणी ही सांगते. मला दिसत नाही.” आणि कुणी ऐकलं नसेल तर म्हणून, साऱ्या किनाऱ्याकडं तोंड करून, फेरीवाल्यासारखं ओरडला, “मला दिसत नाही! दोन वर्षं झाली! दोन वर्षं तुम्ही माझं पाणी म्हणून जे नावाजलंत ना, ते हिचं होतं!”

कुणी खिदळलं नाही. जे खिदळतील म्हणून तो दोन वर्षं चोरासारखा जगला, त्यांच्यातल्या एकानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“एकच खेप उरलीये,” मुकादम शेवटी म्हणाला. “नियम म्हणजे नियम. नव्या माणसाला नव्या खेपा नाहीत.”

“मला एकच पुरे,” सून म्हणाली. इतकी वर्षं टिचक्या वाजवल्या होत्या, गळही टाकला होता, पण कुणी नसताना, दुपारी, चोरून. ती डाव्या खुंट्याकडं चालत गेली. खुंट्यापलीकडं मुकादमाचीच जागा होती. तिनं बोट दाखवलं.

“हे बघा. दोन्हीकडं लाट फुटतेय, इथं फुटत नाही. इथं खोल आहे. काठाचा लचका तुटलाय, म्हणजे पाणी इथनं परत जातंय. फेस बघा, कसा ओढला जातोय. मासा त्या ओढीच्या उजव्या कडेला आहे. वीस हातांवर.”

“वीस हात!” मेहुणा ओरडला. “घंगाळात टाक की मग!” आणि आता मात्र लोक हसले.

ती थांबली होती. तीन मोठ्या लाटा जाऊ दिल्या. मुकादम म्हणाला, टाक. तिनं टाकला नाही. मावशीनं मागून म्हटलं, “तुला घाई असेल तर तू जा घरी.” चौथी लाट लहान आली आणि तिच्या पाठीवर तिनं गळ सोडला. फेकला असं म्हणताच येणार नाही. फेसाच्या रेघेशी तो टुपकन पडला आणि ओढीनं त्याला आपण होऊन बाहेर नेलं, चराच्या कडेकडेनं.

मुकादम मोजत होता. मावशीही मोजत होती, त्याच्यापेक्षा सावकाश, आणि मोठ्यानं. दहा. पंधरा. बोटावर ताणून धरलेली दोरी काही बोलत नव्हती. बाविसाव्या लाटेला दोरी ढिली पडली. मेहुण्यानं टाळी वाजवली. “गळ सुटला!”

“ढिली पडली का?” म्हाताऱ्यानं मागून विचारलं.

“हो.”

“मग गुंडाळ ना, वेडे! तुझ्याकडंच येतोय तो!”

ती मागं पळत सुटली, पळता पळता रीळ फिरवत. दोरी ताठ झाली आणि काठी अशी वाकली की टोक पाण्याला टेकलं. मग जे झालं ते काही सुबक नव्हतं. ती दोनदा पडली. पदर पाण्यात, तोंडात खारट वाळू, मनगटात कळ. मासा डावीकडं मुकादमाच्या हद्दीत पळाला, तिनं त्याला ओढून परत आणला, तो परत पळाला. म्हातारा काठावर उभा राहून रिळाचा आवाज ऐकत होता. “सोड, पळू दे. आता धर. आता धर, पोरी!” नवरा बुटांसकट पाण्यात शिरला आणि शेवटी एका लाटेनंच त्या माशाला उचलून वाळूवर आदळलं. रुपेरी, हाताएवढा लांब, कल्ले फेंदारलेला. नवरा त्याच्यावर आडवा पडला. बर्फाच्या लाद्या उचलणारा माणूस, माशाला कसं धरायचं त्याला काय माहीत!

“एकतीस!” मावशी ओरडली. “एकतिसावी लाट! मोज रे मुकादमा, मोज!”

सून वाळूत बसली होती. दम लागला होता. मग ती उठली, तशीच चिंब, मुकादमासमोर गेली आणि त्याच्या पायाशी ठेवलेली टोपली उचलली.

“जागा राहिली?”

“राहिली,” मुकादम म्हणाला. दुसरं काय म्हणणार!

“कुणाची?”

मुकादमानं म्हाताऱ्याकडं पाहिलं. म्हाताऱ्याला ते दिसलं नाही. “तुझी,” मुकादम म्हणाला.

“म्हणजे मी जागावाली.”

“झालीस ना. आता काय लिहून देऊ?”

“लिहून नको. पाणी सांगा.” तिचा आवाज फाटला होता, पण ऐकू सगळ्यांना गेला. “जागावाला कुणीही कुणाकडंही मागू शकतो. मी तुमच्याकडं मागतेय. आत्ता, याच भरतीत. तीन आठवडे वाकड्या खांबासमोर गळ टाकताय. दाखवा बोट, कुठं आहे मासा, आणि का आहे. तुमचं झालं की बाकीच्या बाराजणांचं.”

एक जागावाला पटकन आपल्या जागेकडं वळून बघायला लागला. मग दुसरा. मेहुणा नव्या काठीसकट शेडच्या बाजूला सरकला होता. मागच्या बायका एकेक करत खुंट्यांच्या रेघेपुढं आल्या, त्यांना कुणी मागं हो म्हटलं नाही. मावशी तर पार पाण्यापर्यंत आली आणि बैठक मारून बसली.

मुकादम आपल्या खुंट्याशी जाऊन उभा राहिला. समोर वाकडा खांब होता, आणि खांबासमोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाट पांढरी फुटत होती. त्यानं हात अर्धा वर केला. परत खाली घेतला.

सुनेनं मासा टोपलीत घातला. म्हाताऱ्यानं चाचपत येऊन टोपलीची कडी आपल्या हातात घेतली, ती देईना तर ओढून घेतली.

“काय म्हणाला तो?” त्यानं विचारलं.

“काही नाही. बघतोय अजून.”

“बघू दे की,” म्हातारा म्हणाला. “डोळे चांगले आहेत त्याचे.”